गळतीचे गणित आणि ट्रॉम्बेचा उंबरठा

२००१ साली ‘फिजिक्स लेटर्स ए’ या नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध छापून आला. लेखक एकच, झफर अहमद. पत्ता अणुभौतिकी विभाग, भाभा अणुसंशोधन केंद्र, ट्रॉम्बे. निबंधात प्रयोग नव्हता. होते ते एक समीकरण आणि त्या समीकरणाचा एक उंबरठा. अलीकडे राहिलात तर व्यवस्थेच्या सगळ्या ऊर्जा वास्तव संख्या असतात, पलीकडे गेलात तर त्या संमिश्र होतात. सात वर्षांनी अमेरिकेतल्या प्रकाशशास्त्रज्ञांनी नेमका हाच उंबरठा उचलला आणि तो काचेतून जाणाऱ्या प्रकाशाला लावून पाहिला. आज सूक्ष्म लेसर आणि संवेदकांच्या प्रयोगशाळांत ज्याला सममितीभंग म्हणतात, त्या विषयाच्या पायाभरणीत ट्रॉम्बेचा हा दगड आहे.

तो ट्रॉम्बेत, तोही अणुभौतिकीच्या विभागात कसा घडला, हे समजायला शंभर वर्षांहून मागे जावे लागते. वाटेत मुंबई बंदर लागते, विजापूरचा गोल घुमट लागतो, बंगळुरूतला एकवीस वर्षांचा संशोधक भेटतो. या सगळ्यांना जोडणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे गळती. ज्यांनी तिला चूक म्हणून बाजूला सारले नाही, गणितात तिला हक्काची जागा दिली, त्यांच्या हाती नवे भौतिकशास्त्र लागले.

बंद खोलीचा नियम

१८५५ साली शार्ल हर्मिट या फ्रेंच गणितज्ञाने दाखवले की विशिष्ट सममिती पाळणाऱ्या, पुढे हर्मिशियन म्हटल्या गेलेल्या संमिश्र सारण्यांची आयगेनमूल्ये नेहमी वास्तव असतात. सत्तर वर्षांनी पुंजयामिकी उभी राहिली तेव्हा हा निष्कर्ष तिच्या पायात बसवला गेला. मोजलेली ऊर्जा वास्तव संख्याच असणार, म्हणून ऊर्जेचा कारक हर्मिशियन असला पाहिजे, असा दंडक पडला. त्याचा भौतिक अर्थ सरळ होता: व्यवस्था बंद आहे, आत काही येत नाही, बाहेर काही जात नाही.

निसर्गाने मात्र पहिल्या दिवसापासून या दंडकाला वळसे घातले. १९२८ साली जॉर्ज गॅमो यांनी किरणोत्सारी अणुगर्भातून अल्फा कण कसा निसटतो हे मांडले, तेव्हा त्यांना ऊर्जेला एक काल्पनिक भागही द्यावा लागला. तो भाग क्षयाचा वेग सांगत होता.

प्रकाशाच्या बाबतीत तर बंद व्यवस्था हाती लागतच नाही. मीरा-भाईंदरच्या इमारतींत आज बऱ्याच घरांच्या भिंतीवर फायबर इंटरनेटची पेटी असते. तिच्यातला अर्धवाहक लेसर सुमारे १३१० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश केबलमध्ये सोडतो. लेसरचा गाभा म्हणजे अनुनादक, दोन परावर्तकांमध्ये प्रकाशाला येरझाऱ्या घालायला लावणारी जागा. पण साध्या अर्धवाहक स्फटिकाच्या चिरलेल्या पृष्ठावरून जेमतेम ३० टक्के प्रकाश आत परततो, बाकीचा बाहेर पडतो. विजेच्या प्रवाहाने आत वर्धन होते आणि पृष्ठांवर गळती. ही गळती थांबवली तर लेसर कामाचाच उरत नाही, कारण आपण वापरतो तो प्रकाश गळलेलाच असतो. १९६१ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये फॉक्स आणि ली यांनी उघड्या अनुनादकातल्या प्रकाशाचे आकृतिबंध संगणकावर काढले, तेव्हा त्यांच्यापुढचा कारक हर्मिशियन नव्हताच. ट्रॉम्बेतही १९६०च्या दशकात गॅलियम आर्सेनाइडचा अर्धवाहक लेसर तयार झाला होता. अशा लेसरवर काम करणारे लोक रोज अ-हर्मिशियन जगात वावरत होते. त्या जगाचा स्वतंत्र सिद्धांत मात्र अजून जन्मायचा होता.

अणुगर्भाने प्रकाशाकडून घेतलेले कर्ज

सिद्धांताचा पहिला धागा अणुभौतिकीतून आला, आणि तोही प्रकाशाकडून उसना घेऊन. धुरकट काचेतून प्रकाश जातो तेव्हा तो थोडा वाकतो आणि थोडा शोषला जातो. प्रकाशशास्त्रात या दोन्ही गोष्टी एकाच संमिश्र अपवर्तनांकाने मांडतात: वास्तव भाग वळण सांगतो, काल्पनिक भाग शोषण. १९५४ साली हर्मन फेशबाख, चार्ल्स पोर्टर आणि व्हिक्टर वाइसकॉफ यांनी अणुगर्भावर आदळणाऱ्या न्यूट्रॉनसाठी हीच युक्ती वापरली. काही न्यूट्रॉन वळून जातात, काही आत गडप होतात. म्हणून त्यांनी अणुगर्भाचे विभव संमिश्र मानले. या चित्राला ‘ढगाळ स्फटिकगोल’ असे टोपणनाव पडले आणि अधिकृत नाव पडले ‘प्रकाशीय प्रतिमान’.

त्याच वर्षी, १९५४ साली, ट्रॉम्बे येथे अणुऊर्जा संस्थान सुरू झाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिथली ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. न्यूट्रॉन आणि अणुगर्भ यांच्या टकरींचा अभ्यास हे ट्रॉम्बेच्या अणुभौतिकीचे रोजचे काम बनले, आणि त्या कामात संमिश्र विभव हे नेहमीचे हत्यार होते. इतरत्र पुंजयामिकी शिकणाऱ्याला ‘ऊर्जेचा कारक हर्मिशियनच हवा’ हे घोकवले जात असताना अणुभौतिकीतल्या माणसाचा हात संमिश्र विभवावर बसलेला होता. पुढे जे झाले त्याचे मूळ मला इथे दिसते.

बंगळुरू, १९५५

दुसरा धागा बंगळुरूत विणला जात होता. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९४८ साली स्थापन केलेल्या संस्थेत त्यांचा भाचा शिवरामकृष्णन पंचरत्नम शोषक स्फटिकांतून जाणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास करत होता. वय एकवीस. स्फटिक आयोलाइटचा.

पारदर्शक स्फटिकात कोणत्याही दिशेने गेलेला प्रकाश दोन परस्परलंब ध्रुवणांत विभागता येतो. स्फटिक प्रकाश शोषू लागला की ही शिस्त ढळते. १९०२ साली वोल्डेमार फोग्ट यांनी गणिताने दाखवले होते की अशा स्फटिकात काही खास दिशा असतात, जिथे दोन्ही ध्रुवणे एकमेकांत विलीन होतात आणि एकच वर्तुळाकार ध्रुवण शिल्लक राहते. पंचरत्नम यांनी १९५५ साली भारतीय विज्ञान अकादमीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये दोन निबंध लिहिले, एक सैद्धांतिक आणि एक प्रायोगिक, आणि या विलक्षण दिशांवर प्रकाशाचे काय होते ते उलगडले. दोन अवस्थांचे असे एकजीव होणे बंद व्यवस्थेत अशक्य असते. तिथे ऊर्जा जुळली तरी अवस्था दोनच राहतात.

तोशिओ काटो यांच्या १९६६च्या गणितग्रंथामुळे अशा जागांना ‘अपवादात्मक बिंदू’ हे नाव रूढ झाले. पंचरत्नम यांनी ते नाव रूढ होण्यापूर्वीच बिंदू प्रयोगशाळेत पाहिला होता. १९६९ साली, पस्तिसाव्या वर्षी, ऑक्सफर्डला त्यांचे निधन झाले. पुढे भौतिकशास्त्रज्ञ मायकेल बेरी यांनी या कामाकडे जगाचे लक्ष वेधले आणि ते अ-हर्मिशियन भौतिकशास्त्राच्या आरंभी आहे हे ठासून सांगितले.

पाव एककाचा निकाल

१९९८ साली सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले कार्ल बेंडर आणि त्यांचे सहकारी स्टेफान बॉट्चर यांनी दंडकालाच हात घातला. त्यांनी घेतलेली समीकरणे उघड उघड अ-हर्मिशियन होती, तरी त्यांच्या ऊर्जा वास्तव निघत होत्या. कारण त्यांत वेगळी सममिती होती: डावे-उजवे उलटवा, काळाची दिशा उलटवा, दोन्ही एकदम केले की समीकरण जसेच्या तसे. काळ उलटवला की वर्धनाची गळती होते आणि गळतीचे वर्धन. म्हणजे डावीकडे जितकी भर, उजवीकडे बरोबर तितकीच घट.

शेजारी शेजारी टांगलेले दोन झोपाळे दोरीने जोडले आहेत असे समजा. एकाला कोणी सतत झोका देत आहे, दुसऱ्याला तितक्याच जोराने कोणी अडवत आहे. दोरी घट्ट असेल तर पहिल्याला मिळालेली ऊर्जा वेळेत दुसऱ्याकडे पोचते आणि दोघे तोल राखून झुलत राहतात. झोका आणि अडवणूक दोन्ही वाढवत नेल्या की एक क्षण येतो, जिथे दोरी पुरी पडत नाही. पहिला झोपाळा उंचच उंच जातो, दुसरा मागे पडतो. समीकरण अजून सममित आहे, पण प्रत्यक्ष हालचालीने सममिती सोडली आहे. हाच सममितीभंग. आणि तो जिथे होतो, तिथे झुलण्याच्या दोन तऱ्हा एक होतात: पंचरत्नम यांनी स्फटिकात पाहिलेला तोच अपवादात्मक बिंदू.

बेंडर यांच्या निबंधानंतर जगभर उदाहरणांचा शोध सुरू झाला. कोलकात्याचे बिजन बागची आणि ब्रुसेल्सच्या क्रिस्तियान केस्न यांनी बीजगणिताच्या वाटेने अशी विभवे शोधली. झफर अहमद यांनी स्कार्फ विभवाचे संमिश्र रूप घेतले, जे कागदावर पूर्णपणे सोडवता येते. त्याचा वास्तव भाग मध्यभागी खोल असलेली सममित दरी, काल्पनिक भाग एका बाजूला भर आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच घट. ऊर्जेच्या सूत्रात एक वर्गमूळ येते. त्याखाली असते पाव अधिक वास्तव भागाची खोली, वजा काल्पनिक भागाची ताकद. वजाबाकी धन आहे तोवर सगळ्या ऊर्जा वास्तव. काल्पनिक भाग वास्तव भागापेक्षा पाव एककाहून जास्त झाला की वर्गमूळ काल्पनिक होते आणि ऊर्जा संमिश्र जोड्यांत फुटतात.

निबंधाचे मोल इथे आहे. एकच विभव, एकच सूत्र, आणि सममिती टिकण्यापासून मोडण्यापर्यंतचा सगळा प्रवास त्यात अचूक दिसतो. अदमास नाही, संगणकी आकडेमोड नाही. उंबरठा नेमका कुठे आहे हे कोणालाही तपासून पाहता येते.

कर्जाची परतफेड

फ्लोरिडात दिमित्रिस ख्रिस्तोदुलिदिस आणि त्यांचे सहकारी एल-गनायनी, मक्रिस व मुस्लिमानी यांच्या ध्यानात आले की काचेतून सरळ पुढे जाणाऱ्या प्रकाशझोताचे समीकरण श्रोडिंगर समीकरणासारखेच दिसते. विभवाच्या जागी अपवर्तनांक येतो, काळाच्या जागी प्रवासाचे अंतर. आणि अपवर्तनांकाचा काल्पनिक भाग म्हणजे वर्धन किंवा शोषण, जे प्रयोगशाळेत खरोखर करता येते. २००८ साली त्यांनी अशा माध्यमात प्रकाशाचे सॉलिटॉन, म्हणजे न पसरता पुढे जाणारे झोत, कसे टिकतात ते दाखवले, तेव्हा उदाहरणासाठी निवडलेले विभव होते संमिश्र स्कार्फ, आणि उंबरठ्यासाठी दिलेला आधार होता २००१चा ट्रॉम्बेचा निबंध. अणुभौतिकीने १९५४ साली प्रकाशाकडून घेतलेली कल्पना नवे गणित सोबत घेऊन प्रकाशाकडे परतली.

जानेवारी २००९मध्ये या विषयाची आठवी आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राने भरवली. ही मालिका मिलोस्लाव झ्नोयिल यांनी २००३ साली प्राग येथे सुरू केली होती. इस्तंबूल, बोलोन्या, लंडन अशी फिरत ती इथे आली. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याला दोन महिनेही झाले नव्हते. परिषदेतले निबंध सुधीर जैन आणि झफर अहमद यांच्या संपादनाखाली ‘प्रमाण’ या भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आले. पहिला भाग ऑगस्ट २००९चा.

त्याच ऑगस्टमध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये प्रकाशातल्या सममितीभंगाचा पहिला प्रयोग छापून आला. गुओ, सॅलॅमो, मोरांडोट्टी, ख्रिस्तोदुलिदिस आणि सहकाऱ्यांनी अर्धवाहकात जोडीने तरंगमार्ग कोरले आणि त्यांतल्या एकावर क्रोमियमचा थर देऊन तिथे शोषण वाढवले. शोषण वाढेल तसा बाहेर येणारा एकूण प्रकाश आधी कमी झाला. उंबरठा ओलांडल्यावर तो पुन्हा वाढू लागला. जास्त गळती, तरी जास्त प्रकाश! कारण सममिती मोडल्यावर प्रकाशाने गळक्या मार्गाकडे जाणेच सोडले होते. मुंबईतले गणित आणि क्रोमियमचा हा थर एकाच महिन्यात वाचकांपुढे आले.

घुमटातली कुजबूज

अनुनादकांची गोष्ट आणखी जुनी आहे, आणि तिच्यातही रामन आहेत. लंडनच्या सेंट पॉल्स चर्चच्या घुमटाखालच्या सज्जात एका टोकाला भिंतीशी कुजबुजले तर पलीकडच्या टोकाला ऐकू येते. आवाज भिंतीला बिलगून फिरतो हे लॉर्ड रॅले यांनी सांगितले होते. १९२१ साली इंग्लंडला गेलेल्या रामन यांनी सदरलँड यांच्यासह त्या सज्जात प्रयोग केले. परतीच्या प्रवासात ‘नारकुंडा’ बोटीवर त्यांनी समुद्राच्या रंगावर ‘नेचर’ला टिपण लिहिले; त्यावर तारीख आहे २६ सप्टेंबर १९२१ आणि स्थळ आहे मुंबई बंदर. देशात आल्यावर त्यांनी भारतातल्या घुमटांवरही लिहिले, आणि त्यांत विजापूरचा गोल घुमट होता. सतराव्या शतकातल्या त्या घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे, आणि कुजबूज तो सहज पार करते.

प्रकाशासाठी हेच काम काचेची सूक्ष्म चकती करते. केसाच्या जाडीच्या आसपास व्यासाच्या चकतीच्या काठाने प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनाने लाखो फेऱ्या मारतो. २०१४ साली वॉशिंग्टन विद्यापीठात, म्हणजे बेंडर यांच्याच घरी, लान यांग यांच्या गटाने अशा दोन सिलिका चकत्या शेजारी ठेवल्या. एकीत अर्बियम मिसळून वर्धन दिले, दुसरीत फक्त क्षय. मधली फट नॅनोमीटरच्या हिशेबाने कमी-जास्त करून जोड बदलली. जोड घट्ट असताना दोन वेगळ्या कंप्रता दिसत. जोड सैल होताच त्या एकत्र आल्या आणि प्रकाश वर्धनाच्या चकतीत साठला. निबंधाच्या लेखकांत बेंडर स्वतः होते. इथेही कंप्रतेच्या सूत्रात वर्गमूळ आहे आणि त्याखाली जोडीचा वर्ग वजा वर्धनाचा वर्ग. ट्रॉम्बेच्या सूत्रातल्या वजाबाकीची ही सख्खी बहीण.

त्याच वर्षी लान यांग यांच्या गटाने आणखी धीट प्रयोग केला. दोन जोडलेल्या चकत्यांचा लेसर चालू ठेवून एकीजवळ क्रोमियम लावलेले बारीक टोक आणले, म्हणजे मुद्दाम गळती वाढवली. लेसर विझला. टोक आणखी जवळ नेले, गळती आणखी वाढली, आणि लेसर पुन्हा पेटला. नोव्हेंबर २०१४मध्ये बर्कली आणि फ्लोरिडाच्या दोन गटांनी ‘सायन्स’मध्ये या सममितीभंगाचा उपयोग दाखवला. सूक्ष्म कड्यातला लेसर एरवी अनेक रंगांत एकदम पेटतो. वर्धन आणि गळती यांची मांडणी अशी केली की फक्त सर्वांत बळकट रंगाची सममिती मोडते. मग तोच पेटतो, बाकीचे तोलात अडकून राहतात.

आशा आणि मर्यादा

अपवादात्मक बिंदूपाशी वर्गमूळ असल्याने अगदी लहान बदलाचाही परिणाम मोठा होतो. दहा हजारांश बदलाचे वर्गमूळ शतांश असते. म्हणून २०१७ साली ‘नेचर’मध्ये दोन गटांनी अति-संवेदनशील सूक्ष्म अनुनादक दाखवले, तेव्हा विषाणू किंवा एकेक कण टिपण्याची स्वप्ने पाहिली गेली. लगेच प्रश्नही आले. अवस्था एकजीव होतात तिथे गोंगाटही वाढतो. २०२० साली कॅलटेकमध्ये केरी व्हाहाला यांच्या गटाने लेसर जायरोस्कोपवर मोजून दाखवले की संकेत वाढतो तसा गोंगाटही वाढतो आणि मोजमापाची अचूकता तिथल्या तिथे राहते. ही चर्चा अजून चालू आहे, आणि तिने विषयाचे भले केले आहे. सिद्धांताचे सौंदर्य आणि उपकरणाचा उपयोग या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. पहिलीत उतरलेल्याला दुसरीत आपोआप गुण मिळत नाहीत.

विषय आता प्रकाशापुरता राहिलेला नाही. इंडियानापोलिसमध्ये काम करणारे योगेश जोगळेकर यांनी २०१०पासून वर्धन आणि गळती असलेल्या घटकांच्या साखळ्यांत सममिती केव्हा चिवट असते आणि केव्हा नाजूक, याचे गणित केले. २०१९ साली त्यांनी केटर मर्च यांच्या गटाबरोबर अतिसंवाहक परिपथातल्या एकाच क्यूबिटमध्ये अपवादात्मक बिंदू ओलांडून दाखवला. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुशील मुजुमदार यांच्या गटाने २०२० साली विस्कळित अ-हर्मिशियन व्यवस्थेचा अभ्यास मांडला. विस्कळितपणा वाढवत नेला की वहन आधी घटते आणि मग अनपेक्षितपणे पुन्हा वाढते.

क्रोमियमचा थर, विझून पेटलेला लेसर, कुलाब्याचे गणित: तिन्हीकडे अडथळा वाढवूनच वाट मोकळी झाली. हे कोणी ‘उपयोग काय’ विचारून शोधले नव्हते. पंचरत्नम यांना स्फटिकाचे कुतूहल होते, अहमद यांना एका समीकरणाचा उंबरठा नेमका हवा होता. त्यांना तसा वेळ आणि तशी मोकळीक देणाऱ्या संस्था या देशात होत्या. त्या तशाच राहाव्यात, हा या इतिहासाचा आपल्यापुढचा खरा आग्रह आहे.

आणि हा इतिहास कुलूपबंद नाही. रामन यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या भारतीय विज्ञान अकादमीनेच पंचरत्नम यांचे १९५५चे निबंध छापले आणि मुंबई परिषदेचे २००९चे अंकही. दोन्ही अकादमीच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात. भाईंदरच्या किंवा मीरा रोडच्या एखाद्या विद्यार्थ्याला एम. एस्सी.च्या पहिल्या वर्षाची पुंजयामिकी येत असेल, तर स्कार्फ विभव सोडवून त्या पाव एककापर्यंत तो स्वतः पोचू शकतो. त्याने ते जरूर करावे. या विषयात शिरण्याची त्याहून चांगली वाट मला माहीत नाही.